तिसऱ्या तक्त्याचा इतिहास : चंद्रमोहिमेपासून वेब फ्रेमवर्कपर्यंत

#थ्रेड

१/
१६ ऑगस्ट १९६२. लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडने आपला ड्रमवादक पीट बेस्ट याला निरोप दिला आणि त्याच्या जागी रिंगो स्टार याला घेतले. संगीताच्या इतिहासात ही घटना प्रसिद्धच आहे. मात्र जगभरातील प्रोग्रामर ही तारीख भलत्याच ठिकाणी वाचतात. 'जँगो' या वेब फ्रेमवर्कच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ती उदाहरण म्हणून छापलेली आहे. एका ड्रमवादकाच्या प्रवेशाची तारीख तिथे का लागली? या प्रश्नाचा माग काढत गेले, की वाट थेट अपोलो चंद्रमोहिमेपर्यंत पोहोचते.

२/
प्रथम मूळ पेच समजून घेऊ. जिल्हा आणि तालुका यांचा संबंध सरळ आहे : एका जिल्ह्यात अनेक तालुके, पण एक तालुका एकाच जिल्ह्यात. त्यामुळे तालुक्यांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे जिल्ह्याचे नाव लिहिले की काम संपते.

वादक आणि बँड यांचे तसे नाही. रिंगो बीटल्समध्ये येण्यापूर्वी 'रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स' या बँडमध्ये होता. पॉल मॅकार्टनीने पुढे १९७१ मध्ये 'विंग्ज' उभा केला. एका बँडमध्ये अनेक वादक, आणि एक वादक अनेक बँडांत. यालाच 'मेनी-टू-मेनी', म्हणजे अनेक-ते-अनेक संबंध म्हणतात.

३/
हा संबंध लिहायचा कुठे? वादकाच्या ओळीत 'बीटल्स, विंग्ज' असे स्वल्पविराम देऊन लिहिले, तर 'विंग्जमध्ये कोण कोण होते?' या प्रश्नासाठी प्रत्येक वादकाची ओळ उघडून तपासावी लागते. बँडच्या ओळीत वादकांची नावे लिहिली, तर हीच अडचण उलट बाजूने उभी राहते. दोन्हीकडे लिहिले, तर एकीकडे दुरुस्ती झाली आणि दुसरीकडे राहून गेली, असे होणारच.

४/
आज याचे उत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एक तक्ता वादकांचा, दुसरा बँडांचा, आणि तिसरा फक्त संबंधांचा :

पॉल मॅकार्टनी – बीटल्स
पॉल मॅकार्टनी – विंग्ज
रिंगो स्टार – हरिकेन्स
रिंगो स्टार – बीटल्स

एक संबंध, एक ओळ. दोन्ही बाजूंनी तितक्याच सहजतेने वाचता येते. उत्तर इतके सोपे आहे, की त्याला काही इतिहास असेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात या तिसऱ्या तक्त्याला त्याची हक्काची जागा मिळायला बराच काळ लागला, आणि मिळालेली जागा पुढच्या पिढीने पुन्हा झाकून टाकली.

५/
वर्ष १९६६. अमेरिका माणसाला चंद्रावर पाठवण्याच्या तयारीत होती. अपोलोचे मुख्य यान आणि सॅटर्न-५ अग्निबाणाचा दुसरा टप्पा बांधण्याचे काम नॉर्थ अमेरिकन या कंपनीकडे होते. हीच पुढे नॉर्थ अमेरिकन रॉकवेल झाली. असंख्य सुट्या भागांची यादी ठेवणे हे स्वतंत्र संकट होते. कारखान्यात या यादीला 'बिल ऑफ मटेरियल' म्हणतात. ती सांभाळण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या सहकार्याने एक प्रणाली घडवली. पुढे तिचे नाव 'आयएमएस' झाले. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे एका टर्मिनलवर या प्रणालीचा 'रेडी' हा पहिला संदेश उमटला.

६/
आयएमएसची रचना झाडासारखी होती. मुळाशी यान, त्याच्या फांद्यांवर मोठे विभाग, त्यांखाली जोडण्या आणि टोकाला सुटे भाग. प्रत्येक नोंदीला वरची एकच पालक-नोंद. 'या जोडणीत कोणते भाग आहेत?' या प्रश्नाचे उत्तर झटकन मिळे.

आता प्रश्न उलटा करून पाहा : 'हा विशिष्ट भाग कोणकोणत्या जोडण्यांत वापरला आहे?' एकच भाग अनेक फांद्यांवर लागतो, पण झाडात त्याला एकच पालक मिळतो. मग एकतर त्या भागाची माहिती प्रत्येक फांदीखाली पुन्हा लिहायची, नाहीतर संपूर्ण झाड पिंजून काढायचे. पुढे आयएमएसलाही एका नोंदीला दुसरा, 'लॉजिकल' पालक देण्याची सोय करावी लागली. केवळ झाडाच्या रचनेवर भागत नाही, याची ती कबुलीच होती.

७/
याच दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बॅकमन हा अभियंता वेगळ्या वाटेने चालला होता. त्याच्या 'आयडीएस' या प्रणालीत नोंदी एकमेकींना साखळीने जोडलेल्या असत. एक मालक-नोंद, तिच्यापासून निघणारी सदस्यांची साखळी, आणि ती फिरून पुन्हा मालकाकडे. इथे महत्त्वाची सवलत अशी, की एकच नोंद दोन वेगवेगळ्या साखळ्यांची सदस्य होऊ शके.

अनेक-ते-अनेक संबंधाची किल्ली याच सवलतीत होती. भाग आणि प्रकल्प यांच्यामध्ये एक छोटी दुवा-नोंद ठेवायची. ती भागाच्या साखळीतही असेल आणि प्रकल्पाच्या साखळीतही. तिसऱ्या तक्त्याचा हा पूर्वज. १९६९ आणि १९७१ मध्ये कोडासिल या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या डेटाबेस गटाचे जे अहवाल निघाले, त्यांचा पाया बॅकमनचाच विचार होता.

८/
१९७३ साली बॅकमनला संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्याने प्रोग्रामरला नाविकाची उपमा दिली. माहितीच्या सागरात एका नोंदीवरून दुसरीवर, साखळ्या धरून प्रवास करणारा नाविक.

उपमा सुंदर होती, पण तिच्यातच या पद्धतीची किंमतही दडलेली होती. नाविकाला वाट पाठ असावी लागते. साखळ्यांची मांडणी बदलली, की जुन्या वाटेने जाणारे सगळे प्रोग्राम निरुपयोगी होत.

९/
नेमक्या याच जागेवर एडगर कॉड याने बोट ठेवले. मूळचा इंग्लंडचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक राहिलेला, ऑक्सफर्डमध्ये गणित शिकलेला हा माणूस आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत होता. जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आजच्या बहुतेक डेटाबेसांचे कूळ या निबंधापाशी पोहोचते. आणि या निबंधातील एक कळीचे उदाहरण अनेक-ते-अनेक संबंधाचेच आहे.

१०/
कॉडचे उदाहरण असे. एका डेटाबेसमध्ये सुटे भाग आहेत, प्रकल्प आहेत, आणि कोणता भाग कोणत्या प्रकल्पासाठी किती संख्येने राखून ठेवला आहे याचीही माहिती आहे. तत्कालीन पद्धतींनी ही माहिती पाच प्रकारे मांडता येते, असे त्याने दाखवले :

– भागांखाली प्रकल्प
– प्रकल्पांखाली भाग
– दोन्ही समान पातळीवर, पण राखीव संख्येची नोंद प्रकल्पांखाली
– दोन्ही समान पातळीवर, पण ती नोंद भागांखाली
– भाग, प्रकल्प आणि राखीव नोंद, तिन्ही समान पातळीवर

११/
मग त्याने एक साधा प्रश्न घेतला. 'अल्फा' नावाच्या प्रकल्पासाठी कोणते भाग, किती संख्येने राखले आहेत? या पाचांपैकी एक मांडणी गृहीत धरून प्रोग्राम लिहिला, तर तो उरलेल्या चारांपैकी किमान तिघींवर बंद पडतो, हे कॉडने सिद्ध केले. माहिती तीच, प्रश्न तोच, बदलली ती केवळ मांडणी. आणि तेवढ्याने प्रोग्राम निकामी.

१२/
या उदाहरणातील सर्वांत बोलका तपशील मात्र वेगळा आहे : राखीव संख्या. ती कोणाचा गुण आहे? भागाचा नव्हे, कारण प्रत्येक प्रकल्पात ती वेगळी. प्रकल्पाचाही नव्हे, कारण प्रत्येक भागासाठी ती वेगळी. ती संख्या त्या दोघांच्या संबंधाचीच आहे. संबंधाला स्वतःची जागा नसेल, तर या संख्येलाही जागा उरत नाही.

१३/
कॉडचे उत्तर गणिताच्या संच-सिद्धांतातून आले. सगळे काही साध्या तक्त्यांत मांडा. वस्तूंचे तक्ते आणि संबंधांचे तक्ते यांत उच्चनीच भेद नको. एका नोंदीतून दुसरीकडे नेणारी साखळी नको. दोन तक्त्यांत समान मूल्य आले, की ते जुळवता यावेत. दुसऱ्या तक्त्यातील ओळीची ओळख पटवणारे जे मूल्य आपल्या तक्त्यात येते, त्याला त्याने 'फॉरेन की' म्हटले. तिसरा तक्ता म्हणजे मुख्यतः अशा दोन फॉरेन कींची जोडी.

बॅकमनची दुवा-नोंद ही वाटेवरची चौकी होती. कॉडच्या मांडणीत संबंध हे इतर तक्त्यांच्या बरोबरीचे विधान झाले : 'अमुक भाग, अमुक प्रकल्प, अमुक संख्या.'

१४/
मे १९७४ मध्ये मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे बॅकमन आणि कॉड यांच्या पक्षांचा जाहीर वादविवाद झाला. हा केवळ पंडितांचा शब्दच्छल नव्हता. स्वतः आयबीएमच आयएमएस विकत होती आणि मोठ्या उद्योगांचे व्यवहार त्यावर उभे होते. शिवाय बॅकमनची बाजू पोकळ नव्हती. त्या काळच्या यंत्रांवर तयार साखळी धरून जाणे जलद होते आणि तक्ते जुळवणे महाग.

निकाल सभेत लागला नाही, पुढच्या दशकात लागला. सॅन होजे येथे 'सिस्टम आर' हा प्रयोग झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ज्या भाषेची रूपरेषा मांडली, तीच पुढे 'एसक्यूएल' झाली. १९७९ मध्ये ओरॅकलचा डेटाबेस बाजारात आला. १९८१ मध्ये कॉडलाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१५/
दरम्यान १९७६ मध्ये पीटर चेन याने 'एंटिटी-रिलेशनशिप' आराखडा मांडला. वस्तूसाठी चौकोन, संबंधासाठी शंकरपाळीच्या आकाराची चौकट, आणि जोडरेषांवर 'एम' व 'एन' ही अक्षरे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही हेच चित्र काढतात.

चेनचे एक उदाहरण कर्मचारी आणि प्रकल्प यांचे होते. कर्मचारी आपल्या वेळेचा किती टक्के भाग एखाद्या प्रकल्पाला देतो, हा गुण त्याने स्पष्टपणे संबंधाला जोडला. कॉडच्या राखीव संख्येचेच हे दुसरे रूप. संबंधालाही स्वतःचे गुण असतात, ही गोष्ट आता आकृतीतही दिसू लागली.

१६/
इथे ही कथा संपायला हवी होती. पण मग प्रोग्राम लिहिण्याची पद्धत बदलली. 'ऑब्जेक्ट'चा जमाना आला. प्रोग्राममध्ये वादक हा एक ऑब्जेक्ट, आणि त्याच्या पोटात बँडांची यादी. तक्त्याच्या एका चौकटीत मात्र अशी यादी नीट मावत नाही. या दोन जगांत दुभाष्याचे काम करणारी साधने निघाली. जावा भाषेसाठी गॅव्हिन किंगने २००१ मध्ये सुरू केलेले 'हायबरनेट' हे त्यांतले एक. वेब फ्रेमवर्कांनी हा दुभाष्या आपल्या घरातच ठेवला. आणि दुभाष्याने तिसरा तक्ता पडद्याआड नेला.

१७/
जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'साठी काम करणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याचे नाव जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्यावरून ठेवले आहे.

एक बातमी अनेक विषयांत मोडते आणि एका विषयात अनेक बातम्या असतात. अशा संबंधासाठी जँगोने 'मेनी-टू-मेनी-फील्ड' दिले. दोहोंपैकी कोणत्याही एकाच मॉडेलमध्ये एक ओळ लिहायची. तिसरा तक्ता फ्रेमवर्क स्वतः तयार करते. प्रोग्रामरला तो दिसतही नाही.

१८/
जुलै २००४ मध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन याने प्रसिद्ध केलेल्या 'रेल्स'मध्येही असेच होते. तिथे दोन्ही मॉडेलांत 'माझ्याकडे अनेक आहेत आणि मीही अनेकांचा आहे' अशा अर्थाची घोषणा करायची. मधला तक्ता प्रोग्रामरने बनवायचा, पण त्याचे नावही ठरलेले : दोन्ही तक्त्यांची नावे वर्णक्रमाने जोडून. त्या तक्त्याला स्वतःचे मॉडेल नाही, स्वतःचे नाव नाही. टेलर ओटवेलच्या 'लॅराव्हेल'मध्ये (२०११) त्याला 'पिव्हट' म्हणतात.

१९/
सोय मोठी होती, यात शंका नाही. पण झाकलेल्या तक्त्यात असते काय? वादकाचा क्रमांक आणि बँडचा क्रमांक. बीटल्सची नोंद अशा तक्त्यात केली तर ती अशी दिसेल :

पीट बेस्ट – बीटल्स
रिंगो स्टार – बीटल्स

दोन्ही ओळी खऱ्या आहेत, तरीही चित्र खोटे आहे. हा तक्ता वाचणाऱ्याला बीटल्समध्ये एकाच वेळी दोन ड्रमवादक होते असे वाटेल. कोण आधी, कोण नंतर, कोणाची जागा कोणी घेतली, यातले काहीच उरत नाही. तारीख ना पीट बेस्टच्या ओळीत मावते, ना बीटल्सच्या. तिचे घर संबंधाच्या ओळीत आहे, आणि ते घरच बंद करून ठेवलेले.

२०/
फ्रेमवर्कांना हे फार लवकर कळले. मार्च २००६ मध्ये रेल्सच्या १.१ आवृत्तीने मधल्या मॉडेलमार्फत संबंध सांगण्याची सोय दिली. सप्टेंबर २००८ मध्ये जँगोच्या १.० आवृत्तीत 'थ्रू' हा पर्याय आला. 'हा संबंध अमुक मॉडेलमधून जातो' असे सांगायचे आणि ते मॉडेल स्वतः लिहायचे. मार्गदर्शिकेतील उदाहरणात तीन मॉडेले आहेत : व्यक्ती, गट आणि सदस्यत्व. सदस्यत्वात दोन फॉरेन की आहेत, शिवाय प्रवेशाची तारीख आणि निमंत्रणाचे कारण.

रिंगो स्टार, बीटल्स, १६ ऑगस्ट १९६२, कारण : नव्या ड्रमवादकाची गरज.

कॉडची राखीव संख्या, चेनचे टक्के आणि रिंगोची तारीख एकाच घराण्यातील आहेत.

२१/
यातला एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. साध्या संबंधात जँगोमध्ये 'या गटात ही व्यक्ती जोड' एवढी आज्ञा पुरते. पण सदस्यत्वाचे मॉडेल स्वतः लिहिले असेल, तर अनेक वर्षे जँगो ही आज्ञा मानतच नसे. तारीख आणि कारण न सांगता जोडू कसे, असा त्या नकाराचा अर्थ होता. एप्रिल २०१९ मधील २.२ आवृत्तीपासून ही आज्ञा पुन्हा चालू लागली, मात्र जोडताना संबंधाची जादा मूल्येही सोबत देता येऊ लागली.

२२/
आणखी एक पेच. जँगोने आपोआप बनवलेल्या तक्त्यात तीच जोडी दोनदा लिहिता येत नाही. पण माणसे गट सोडतात आणि परततातही. २२ ऑगस्ट १९६८ रोजी ध्वनिमुद्रण सुरू असताना वैतागलेला रिंगो बीटल्स सोडून निघून गेला आणि सुमारे दोन आठवड्यांनी परतला. डाउनीच्या टर्मिनलवर 'रेडी' उमटल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी ही घटना घडली. ती नोंदवायची, तर एकाच जोडीच्या दोन ओळी लागतात, प्रत्येकीला आरंभ आणि अखेर यांच्या तारखा लागतात. स्वतः लिहिलेल्या मधल्या मॉडेलमध्येच हे शक्य होते.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. मोडी पत्रांची सूची करायला बसलेला विद्यार्थी हाच पेच रोज सोडवत असतो. एका पत्रात अनेक व्यक्ती येतात आणि एक व्यक्ती अनेक पत्रांत. नुसते 'पत्र – व्यक्ती' असे लिहिले, तर पत्र लिहिणारा, ते ज्याला लिहिले तो, आणि ज्याच्याविषयी तक्रार केली तो, हे तिघे एकाच रांगेत बसतात. त्यांची भूमिका हा पत्राचा गुण नव्हे, व्यक्तीचाही नव्हे. तिच्यासाठी मधल्या तक्त्यात स्तंभ हवा. तो सुरुवातीला आखला नाही, तर पुढे शेकडो पत्रे पुन्हा उघडून वाचावी लागतात.

२४/
म्हणून कोणताही डेटाबेस आखताना, दोन मॉडेले जोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : या संबंधाविषयी कधी काही सांगायचे असेल का? केव्हा जुळला, किती प्रमाणात, कोणत्या नात्याने, केव्हा तुटला? उत्तर 'नाही' असेल, तर फ्रेमवर्कचा झाकलेला तक्ता पुरेसा आहे. बातमी आणि तिचा विषय यांना तो शोभतो. उत्तर 'हो' असेल, तर मधल्या मॉडेलला पहिल्या दिवशीच नाव द्यावे. 'सदस्यत्व', 'नेमणूक', 'उल्लेख' असे एखादे नाव सहज सुचले, तर त्या संबंधाला स्वतःचा इतिहास आहे असे खुशाल समजावे.

पीट बेस्ट आणि रिंगो स्टार यांच्या दोन ओळींत फरक आहे तो तारखेचा. ती तारीख लिहायला एक स्तंभ पुरतो. तो कोणत्या तक्त्यात असावा, हे कॉडने १९७० मध्येच दाखवून दिले होते.

(थ्रेड समाप्त)